राम राम, आणि पुढे कोरं

काही वर्षांपूर्वी मामाच्या द्राक्षवाल्या मंडळींसाठी मी एक चर्चामंच चाचणीला उभा केला होता. आठवड्याभरात त्यावर विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी उघडून पाहावं तर ओळीने धागे: "राम राम मंडळी", "राम राम", "नमस्कार सर्वांना". पुढे काहीच नाही. मला वाटलं, नवीन जागा आहे, लोक बुजतायत. तेवढ्यात दिंडोरीहून मामाचा फोन. "अरे भाचेबुवा, अर्धा तास बोटं झिजवून वेलीवरच्या भुरी रोगाचं सगळं सविस्तर लिहिलं मी. गेलं कुठं?"

गेलं होतं ते कायमचंच. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 'यूटीएफ-८' नावाने जी साठवण मिळायची, ती एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट जागा द्यायची. देवनागरीचं अक्षर नेमकं ३ बाइटांत बसतं, त्यामुळे मराठी लिहून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. इमोजीला मात्र ४ बाइट लागतात. आणि आपल्याकडे 'राम राम' लिहिलं की पाठोपाठ हात जोडलेला इमोजी आलाच. डेटाबेस तिथवर वाचायचा, चौथा बाइट दिसला की तिथून पुढचा सगळा मजकूर कापून टाकायचा, आणि कुणाला काही सांगायचाही नाही. यावरचा उपाय, म्हणजे ४ बाइटांची 'यूटीएफ-८-एमबी-४' ही साठवण, मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून आहे आणि ८.० या आवृत्तीपासून ती आपोआपच मिळते. पण मी घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, आणि त्याहून जुन्या सॉफ्टवेअरवर ती नव्हती. मी सॉफ्टवेअर निवडताना फीचर्सची यादी पाहिली होती, रंग पाहिले होते. मामा कसं लिहितो, हे पाहिलं नव्हतं.

मुळात व्हॉट्सअॅप असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मामाच्या गटात दिंडोरी-निफाडची मंडळी, ग्रुप १०२४ च्या मर्यादेला टेकलेला. दरवर्षी ऑक्टोबर छाटणी झाली, आभाळ भरून आलं, की कुणीतरी विचारतं, "घड जिरतायत, काय करू?" दरवर्षी तीच चार जाणती माणसं तेच उत्तर देतात. दुपारपर्यंत ते उत्तर सुप्रभात, वाढदिवस आणि कांद्याच्या भावाखाली गाडलं जातं. पुढच्या ऑक्टोबरला ते कुणाला सापडत नाही, म्हणून प्रश्न पुन्हा. चौथ्या-पाचव्या वर्षी जाणती माणसं कंटाळून गप्प बसतात. मंचावर प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा धागा असतो, त्याखाली प्रतिसाद साठत जातात, आणि तीन हंगामांनंतर ती तालुक्याची वही होते. फायदा एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

मग फेसबुकवर गट का नको? इथे मामालाच सोपं उदाहरण सुचलं होतं: खंडाने घेतलेल्या रानात कुणी द्राक्ष लावत नाही. मांडव, ठिबक, वेल, सगळा खर्च आपला, आणि मालकाने उद्या 'निघा' म्हटलं की निघायचं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०१९ मध्ये वर्षानुवर्षांचा मजकूर काढून टाकला आणि वर्षभराने दुकानच मिटलं. स्वतःच्या सर्व्हरवर मंच चालवणं म्हणजे सातबारा आपल्या नावावर असणं. अर्थात सातबारा आपला म्हणजे शेतसारा, बांधावरची भांडणं आणि रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला जाणंही आपलंच.

ती शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सॉफ्टवेअर कोणतं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: रात्री दोनला मंच बंद पडला तर उठणार कोण? आणि तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला, तर त्याच्या जागी कोण? उत्तरात दोन नावं येत नसतील, तर पुढचं सगळं वाचून फक्त करमणूक होईल.

आता जागा. होस्टिंगचे आपल्या कामाचे प्रकार दोन. शेअर्ड होस्टिंग म्हणजे गंगापूर रोडवरच्या अपार्टमेंटमधला फ्लॅट. पाण्याची टाकी सामाईक, वॉचमन सोसायटीचा, गळती झाली तर सोसायटी पाहील. स्वस्त आणि निवांत. पण भिंत पाडायची परवानगी नाही, आणि वरच्या मजल्यावर लग्न निघालं की तुमच्या नळाची धार बारीक होते. व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला हिस्सा, हे रो-हाऊस. टाकी तुमची, मोटार तुमची, काय हवं ते बसवा. मोटार जळली की पान्हा घेऊन तुम्हीच उतरा. २ जीबी मेमरीच्या व्हीपीएसला महिन्याला हजाराच्या आगेमागे पैसे पडतात. पैशापेक्षा उतरणारा माणूस मिळणं अवघड.

सॉफ्टवेअरची निवड बरीचशी इथेच ठरते. पीएचपी भाषेत लिहिलेले जुने मंच फ्लॅटमध्ये राहू शकतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा पीएचपीबीबी, २००० सालापासून चालू. त्याच घराण्यातले सिंपल मशीन्स आणि मायबीबी. तिन्ही मोफत आणि मुक्त स्रोत. दिसायला जुनाट, एसटी स्टँडच्या फलकासारखे, पण हलके. साधी पानं, साधे दुवे. बागेत मोबाइलला रेंजची एकच दांडी असते तेव्हा हा जुनाटपणा फार गोड वाटतो.

दुसऱ्या टोकाला डिस्कोर्स. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या दोन संस्थापकांपैकी एक, जेफ अॅटवुड, यांनी रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांच्याबरोबर २०१३ मध्ये तो बाहेर आणला. तोही मुक्त स्रोत. रूबी ऑन रेल्स, पोस्टग्रेसक्यूएल, रेडिस असा त्याचा मोठा संसार आहे आणि तो डॉकर नावाच्या बंद पेटीतून बसवायचा असतो. कमीत कमी १ जीबी मेमरी लागते, खरं तर २ जीबी. म्हणजे रो-हाऊसच. बदल्यात मिळतं बरंच: तुम्ही कुठवर वाचलंत ते लक्षात राहतं, फोटो ओढून टाकता येतात, आणि नवख्या माणसाला टप्प्याटप्प्याने अधिकार मिळतात. त्याला विश्वासाच्या पायऱ्या म्हणू, शून्य ते चार. नवीन आलेल्याने मूळ सेटिंगप्रमाणे ५ धागे उघडले, ३० प्रतिसाद वाचले आणि १० मिनिटं घालवली की तो पहिली पायरी चढतो. गावात नवीन सून आली की तिला लगेच धान्याच्या कोठीची किल्ली कुणी देत नाही, तसंच.

डिस्कोर्सची अडचण म्हणजे तो सगळी मेहनत वाचणाऱ्याच्या फोनकडून करून घेतो. अँड्रॉइड फोन त्यात मागे पडतात, ही तक्रार डिस्कोर्सच्याच लोकांनी २०१५ मध्ये जाहीरपणे मांडली होती. फोन आता सुधारलेत, पण मामाचा फोन हा मुलाने वापरून झालेला फोन असतो. त्यामुळे माझा नियम: निवड ऑफिसातल्या वाय-फायवर करायची नाही. दोन-तीन सॉफ्टवेअरचे नमुने उभे करायचे आणि गटातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, बागेत उभं राहून उघडायचे.

या दोन टोकांच्या मधे फ्लारम आहे. एसोटॉक आणि फ्लक्सबीबी या दोन जुन्या प्रकल्पांमागचे लोक एकत्र येऊन झालेला, पीएचपीतलाच, देखणा आणि सुटसुटीत. मात्र बऱ्याच गोष्टी बाहेरच्या जोडण्यांवर (प्लगइनवर) सोडलेल्या, आणि जोडणी लिहिणाऱ्याने हात काढून घेतला की आपण अडकतो. नोडबीबीही चांगला, पण त्याच्यामागचं नोडजेएस हे तंत्र सांभाळणारं कुणी जवळ असेल तरच. झेनफोरो आणि व्हीबुलेटिन विकतचे. झेनफोरो मला आवडतो, पण परवान्याचा आणि पुढच्या अद्ययावतीकरणाचा खर्च दरवर्षी वर्गणी काढून भागवायचा म्हणजे गणेशोत्सव मंडळासारखा खजिनदार लागेल.

कुणी म्हणेल, मराठी संकेतस्थळांत मायबोली १९९६ पासून चालू आहे, मिसळपाव २००७ पासून, ते काय वापरतात? दोन्हीकडे ड्रुपल. धागा, प्रतिसाद, अवांतर, व्यनि (व्यक्तिगत निरोप), डुआयडी (एकाच माणसाचं दुसऱ्या नावाचं खातं) हे शब्द आपल्या जिभेवर रुळले ते अशाच ठिकाणी. पण ड्रुपल हे मुळात संकेतस्थळ बांधायचं सामान आहे, मंच त्यातून घडवावा लागतो. शिवाय ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ७ वरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे घर पाडून पुन्हा बांधण्यासारखं आहे. आज नव्याने सुरू करणाऱ्या छोट्या गटाला मी तो सांगणार नाही.

आता मराठीकडे वळू, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही तुलनेत हे सापडत नाही. शोध घेऊन पाहा. 'भुरी' शोधलं तर 'भुरीवर', 'भुरीचा' सापडायला हवं. शब्दाची सुरुवात जुळवणारा शोध हे काम करतो, कारण 'भुरी' तशीच राहते. पण 'पाणी' शोधा. मराठीत पाणी लगेच 'पाण्यात', 'पाण्याचा', 'पाण्याने' होतं, आणि सुरुवातच बदलते. 'पाणी' टाइप करणाऱ्याला 'पाण्याचा ताण कधी द्यावा' हा सोन्यासारखा धागा दिसत नाही. इंग्रजीची शब्दरूपं ओळखण्याची सोय पोस्टग्रेसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये तयार असते, मराठीच्या सामान्यरूपाची नसते. यावर आम्ही काढलेली पळवाट म्हणजे टॅग: प्रत्येक धाग्याला ठरलेल्या यादीतला एक तरी टॅग, मूळ रूपात. पाणी, भुरी, डाऊनी, छाटणी, खत. त्यामुळे टॅगची सोय सॉफ्टवेअरमध्ये मुळातच आहे की जोडणी लावावी लागते, हे आधी पाहायचं. पीएचपीबीबीत जोडणी लागते, डिस्कोर्स आणि फ्लारममध्ये टॅग मुळातच आहेत.

दुवे हा दुसरा घोळ. धाग्याचं शीर्षक देवनागरीत असेल आणि सॉफ्टवेअर ते दुव्यात घालत असेल, तर व्हॉट्सअॅपवर चिकटवताना एकेका देवनागरी खुणेची नऊ-नऊ अक्षरं होतात. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या मोजल्या जातात. 'छाटणी' या एका शब्दाच्या ४५ अक्षरांचा तो चक्काजाम पाहून लोकांना वाटतं काहीतरी व्हायरस आलाय, आणि दुवा कुणी दाबत नाही. डिस्कोर्समध्ये शीर्षक दुव्यातून पूर्ण काढायची सोय आहे, ती पहिल्या दिवशी वापरा. पीएचपीबीबीच्या दुव्यात मुळातच नुसता आकडा असतो. जुनाट माणूस इथे पुन्हा जिंकतो.

बारीकसारीक आणखी आहे. डिस्कोर्सच्या मूळ सेटिंगमध्ये प्रतिसाद किमान २० अक्षरांचा लागतो. एका आजोबांनी फोटो पाहून "हो, भुरीच आहे" असं नेमकं निदान लिहिलं, तर यंत्र म्हणालं, फार छोटं आहे, अजून लिहा. त्यांनी फोन ठेवून दिला. जाणकार माणूस कमीच बोलतो, ही मर्यादा खाली आणा. सदस्यनाम देवनागरीत घ्यायची परवानगीही मुळात बंद असते, ती चालू करा.

आणि मग ईमेल. हे सगळे मंच गृहीत धरतात की माणसाला ईमेल आहे आणि तो ते पाहतो. आमच्या गटात अनेकांचं खातं मोबाइलच्या दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं, पासवर्ड त्यालाच माहीत. पुष्टीची मेल गेली तर ती उघडणार कोण? यातून वाट निघते 'गूगलने प्रवेश करा' या बटणाने, कारण अँड्रॉइड फोनमध्ये ते खातं आधीपासून चालू असतं. पीएचपीबीबी आणि डिस्कोर्स दोघांतही ही सोय आहे, थोडी जुळवाजुळव करावी लागते. ओटीपी हवा असेल तर भारतात एसएमएस पाठवण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदवहीत नोंदवावा लागतो. वीस-तीस जणांच्या गटाने त्या वाटेला जाऊ नये.

तरीही मंचाला मेल पाठवता आलीच पाहिजे, पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी आणि नवीन उत्तराची खबर द्यायला. बऱ्याच क्लाउड कंपन्या मेलचं २५ क्रमांकाचं दार बंदच ठेवतात, म्हणून मध्ये एखादी मेल पाठवणारी सेवा घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने टपाल घेऊन येणारी माणसं हीच' अशी वॉचमनकडे दिलेली यादी, आणि डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाख. दोन्ही एका दुपारचं काम आहे. डिस्कोर्सच्या स्थापनेत अडकलेले जे मित्र मला फोन करतात, त्यातले बहुतेक याच पायरीवर बसलेले असतात.

सुरक्षेबद्दल घाबरवणारं फार बोललं जातं, मी एकच गोष्ट सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा किडा पीएचपीबीबीच्या एका भोकातून शिरला. तो गूगलवर शोध घेऊन स्वतःच पुढची सावजं हेरायचा. त्याआधी काही आठवडे ते भोक बुजवणारी आवृत्ती आली होती. ज्यांनी ती चढवली ते निवांत राहिले, बाकीच्यांची पानं पुसली गेली. तेव्हा नवीन आवृत्ती आमच्या दोन राखणदारांना चढवता येते का, हे निवडीआधी करून बघायचं.

जाहिरातींचे बॉट हा रोजचा त्रास. पीएचपीबीबीत नोंदणीच्या वेळी आपला प्रश्न विचारायची सोय आहे. चाचणीत आम्ही विचारलं, "एप्रिलच्या छाटणीला काय म्हणतात?" उत्तर 'खरड'. परदेशातल्या बॉटला ते येईना, आणि गंमत म्हणजे औषध कंपन्यांच्या शहरी प्रतिनिधींपैकी दोघांनाही येईना. अर्थात आता बॉटच एआयला विचारून खरड, गोडी (ऑक्टोबरची छाटणी) सगळं सांगतील, म्हणून नव्या सदस्याचे पहिले दोन-तीन प्रतिसाद कुणीतरी पाहून सोडणं बरं. माणसांमधले विक्रेते ओळखायला मात्र अजून मामाच लागतो.

नाशिकला गोदेला पूर आला की आपण धरणाच्या विसर्गाचे आकडे नंतर विचारतो. आधी विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? कमरेला, छातीला, की बुडाला? सर्व्हरलाही असा मारुती हवा. डिस्क किती भरली, हे रोज कुठेतरी दिसलं पाहिजे. हंगामात ३०० जणांनी आठवड्याला दोन-दोन फोटो टाकले आणि एक फोटो ३ एमबीचा धरला, तर आठवड्याला १.८ जीबी होतात. डिस्क भरली की डेटाबेस बंद पडतो, आणि तो हटकून छाटणीच्याच आठवड्यात पडतो. फोटो चढवताना लहान करणारं सॉफ्टवेअर या एका कारणासाठी निवडलं तरी चालेल.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे पुराच्या भीतीने पेटी माळ्यावर ठेवायची, पण घर रामकुंडालाच. रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी गेली पाहिजे, आणि वर्षातून दोनदा ती प्रत नव्या यंत्रावर उघडून पाहिली पाहिजे. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. याच ओघात विचारा, उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर सगळं घेऊन बाहेर पडता येईल का? पीएचपीबीबी, सिंपल मशीन्स, मायबीबी, झेनफोरो, व्हीबुलेटिन यांच्याकडून डिस्कोर्समध्ये जायच्या तयार वाटा आहेत. उलट येण्याच्या वाटा कमी आणि काटेरी. म्हणून साध्यापासून सुरुवात करणाऱ्याचं फारसं बिघडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मंच चालवणारा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या भाषेत 'मध्यस्थ' असतो, आणि कलम ७९ चं संरक्षण हवं तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क मंचावर लावावा लागतो. तो आपल्यातलाच कुणी असू शकतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा सदस्य म्हणजे मूल, आणि पालकांची संमती हवी. आम्ही सरळ 'सदस्यत्व प्रौढांसाठी' असं लिहून टाकलं.

आमची निवड शेवटी बागेत झाली. मामा, मी, आणि शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी, जी नाशकात संगणक अभियांत्रिकी शिकते. जुन्या फोनवर पीएचपीबीबी चटकन उघडला, डिस्कोर्सने सावकाश का होईना उघडून दाखवलं. माझं मत पीएचपीबीबीला होतं. त्या मुलीने मला विचारलं, "दादा, तुम्ही किती वर्षं सांभाळणार?" मी म्हटलं, दोन. "मग मला जे शिकायचंय ते घेऊ." डिस्कोर्स घेतला. दुसरी राखणदार तीच, आणि आता खरं तर पहिली. टॅगची गरज आणि फोटोंचा आकार, या दोन गोष्टींतही तिचं बरोबर होतं हे मला नंतर कबूल करावं लागलं.

सुरुवात आम्ही ऑगस्टमध्ये केली, पंचवीस जणांवर. त्या सुमाराला बागलाणातल्या अर्ली छाटणीवाल्यांचे प्रश्न येऊ लागतात, बाकीच्यांना जरा उसंत असते, आणि ऑक्टोबरची गर्दी यायच्या आत शे-सव्वाशे उत्तरं जमलेली असतात. रिकाम्या मंचावर कुणी दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून पहिली तीस उत्तरं आम्हीच व्हॉट्सअॅपमधून उकरून टाइप केली.

मामाला आता चेव आलाय. १९९८ पासूनच्या त्याच्या फवारणीच्या डायऱ्या तो पानापानाचे फोटो काढून मंचावर चढवतोय. फोटोतलं त्याचं अक्षर शोधात येत नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.